परत आलेल्या मेलमधली ती एक ओळ

या महिन्याच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी आली आहे. ओळखीच्या माणसाला जीमेलवर केलेला मेल जातो, कंपनीला केलेला मात्र परत येतो. म्हणून या वेळचे सदर आम्ही याच विषयाला दिले आहे. बहुतेक मध्यम आणि मोठ्या कंपन्यांच्या मेलसमोर एखादा फिल्टर बसवलेला असतो. तो बाराकुडा, माइमकास्ट, प्रूफपॉइंट किंवा सोफोसचा असेल, नाहीतर मायक्रोसॉफ्टचा. मेल दारातूनच परत पाठवताना तो बहुतेक वेळा कारणही सांगतो. ते न वाचता तोच मेल चार-पाच वेळा पाठवत राहणे ही सर्वात जास्त दिसणारी चूक आहे, आणि त्याने फिल्टरचा संशय वाढतो.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. मेल स्वतःच्या डोमेनवर, गूगल वर्कस्पेसमध्ये आहेत. पुण्याच्या एका हॉटेल समूहाच्या खरेदी विभागाला हाताने लिहिलेले कोटेशन पोचते, पण बिलिंग सॉफ्टवेअरमधून गेलेले इन्व्हॉइस परत येते. परतीच्या मेलमध्ये ‘५५० ५.७.१’ आणि पुढे ‘डीमार्क’ असा शब्द आहे. वेबसाइट करून देणारा म्हणतो, चूक समोरच्यांची. समोरचे म्हणतात, तुमची. खरे कोणाचे?
— टॉवेल उत्पादक, सोलापूर

उत्तर : समोरच्यांचे. त्यांचा फिल्टर बहुधा तुमच्याच डोमेनवर लिहिलेली आज्ञा पाळतो आहे. कशी, ते सांगतो; पण आधी परतीचा मेल वाचायचा कसा ते पाहू, म्हणजे पुढच्या वेळी दोघांपैकी कोणालाच विचारावे लागणार नाही.

‘मेलर-डीमन’ किंवा ‘पोस्टमास्टर’ या नावाने आलेला मेल बहुतेक वेळा समोरच्या कंपनीने लिहिलेला नसतो. तो तुमच्या बाजूचा सर्व्हर लिहितो आणि समोरच्या फिल्टरने दारात जे शब्द उच्चारले ते त्यात जसेच्या तसे चिकटवतो. वरचा मजकूर गोड आणि मोघम असतो, तो सोडून द्या. खाली ‘डायग्नोस्टिक-कोड’ अशी ओळ शोधा. तिच्यात तीन गोष्टी असतात: तीन आकडी कोड, टिंबे असलेला कोड आणि एक वाक्य.

पहिला आकडा ४ असेल तर अर्थ ‘आत्ता नाही, थोड्या वेळाने या’. ५ असेल तर ‘नाही’. टिंबांच्या कोडमधला मधला आकडा नकार कशाबद्दल आहे ते सांगतो: १ म्हणजे पत्ता, २ म्हणजे समोरच्याची मेलपेटी, ३ म्हणजे त्यांची मेल यंत्रणा, ४ म्हणजे वाटेतले नेटवर्क, ७ म्हणजे सुरक्षा आणि धोरण. तुमचा ५.७.१ आहे. म्हणजे पत्ता, पेटी आणि वाट यांबद्दल फिल्टरची तक्रार नाही, पण नियमात बसत नाही म्हणून त्याने मेल घेतलेला नाही. ५.७.१ हा कोड शंभर कारणांसाठी वापरला जातो, त्यामुळे त्याच्या पुढचे वाक्यच महत्त्वाचे. तुमच्या वाक्यात ‘डीमार्क’ आहे, तेवढ्यावर निदान होते. ‘रिमोट-एमटीए’ ही ओळही टिपून ठेवा. नकार देणाऱ्या सर्व्हरचे नाव तिथे असते. नावात ‘पीपीहोस्टेड’ दिसले तर प्रूफपॉइंट, ‘प्रोटेक्शन डॉट आउटलुक’ दिसले तर मायक्रोसॉफ्ट.

आता कारण. तुमच्या टॉवेलच्या गाठी गिऱ्हाइकाच्या गोदामावर जातात तेव्हा गेटवर दोन गोष्टी पाहिल्या जातात: गाडी तुम्ही कळवलेल्या ट्रान्सपोर्टची आहे का, आणि गाठीवरचे सील शाबूत आहे का. मेलमध्ये ट्रान्सपोर्टची यादी म्हणजे एसपीएफ आणि सील म्हणजे डीकिम. दोन्हींपैकी एकही जुळले नाही तर गाठ ठेवायची, बाजूला काढायची की परत पाठवायची, ही गेटवाल्याला दिलेली सूचना म्हणजे डीमार्क. ही सूचना माल घेणारा लिहीत नाही, माल पाठवणारा लिहितो. तुमच्या डोमेनवर कोणीतरी ‘रिजेक्ट’, म्हणजे परत पाठवा, असे लिहून ठेवले असण्याची शक्यता मोठी आहे. कोटेशन गूगलमधून जाते, ते यादीत आहे. इन्व्हॉइस वेबसाइटच्या होस्टिंग सर्व्हरवरून जाते, तो यादीत नाही, आणि त्याच्यावर तुमचे सीलही नाही.

वेबसाइटवाल्याचा गोंधळ होतो तो इथे. तो एसपीएफ तपासतो आणि त्याला ‘पास’ दिसते. ते खरेही असते, पण एसपीएफ तपासतो पाकिटावरचा परतीचा पत्ता, आणि होस्टिंग सर्व्हर तिथे स्वतःचेच नाव घालतो. डीमार्क पाहतो ते आतल्या लेटरहेडवरचे, म्हणजे ‘फ्रॉम’मधले डोमेन. पाकिटावरचे डोमेन आणि लेटरहेडवरचे डोमेन एकच असेल तरच ते ‘पास’ कामाचे. नाहीतर डीकिमची सही तुमच्या डोमेनची हवी. दोन्हींपैकी एक जुळले तरी डीमार्कला पुरते.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवा.

सर्वात आधी, डोमेनचे नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या नोंदी (डीएनएस रेकॉर्ड) ठेवणारे सर्व्हर, कुठे आहेत ते पाहा. डोमेन एकाकडे विकत घेतलेले, होस्टिंग दुसऱ्याकडे आणि नेमसर्व्हर तिसरीकडे, असे आपल्याकडे सर्रास असते. रेकॉर्ड बदलायचे ते नेमसर्व्हर जिथे आहेत तिथेच. भलत्या पॅनलमध्ये केलेला बदल जगाला दिसत नाही, आणि लोक दोन-दोन दिवस ‘अजून पसरतोय’ म्हणत वाट पाहत बसतात.

मग तिथल्या टीएक्सटी, म्हणजे साध्या मजकुराच्या, रेकॉर्डमध्ये एसपीएफने सुरू होणाऱ्या ओळी मोजा. एकच हवी. गूगल वर्कस्पेस घेताना एक घातली आणि होस्टिंगवाल्याने आधीच एक घातलेली होती, तर दोन होतात. दोन असल्या की फिल्टर दोन्ही बाद धरतो. याला ‘पर्मएरर’ म्हणतात. दोन्हींतले ‘इन्क्लूड’, म्हणजे दुसऱ्या सेवेची यादी जोडणारे शब्द, एका ओळीत आणा आणि दुसरी ओळ काढून टाका. एका एसपीएफमध्ये डीएनएसची विचारणा जास्तीत जास्त १० वेळा होऊ शकते. एका ‘इन्क्लूड’च्या पोटात आणखी काही असू शकतात आणि तेही या दहांत मोजले जातात, म्हणून जुन्या, बंद केलेल्या सेवांची नावे काढून टाका.

तिसरे, डीकिम. गूगलच्या ॲडमिन कन्सोलमध्ये ॲप्स, मग गूगल वर्कस्पेस, मग जीमेल, आणि त्यात ‘ऑथेंटिकेट ईमेल’. तिथे २०४८ बिटची किल्ली तयार करा आणि मिळालेले नाव व मजकूर डीएनएसमध्ये टीएक्सटी म्हणून घाला. इथे दोन चुका नेहमी होतात. काही पॅनल नावापुढे डोमेन आपोआप जोडतात. तुम्हीही पूर्ण नाव लिहिले तर डोमेन दोनदा येते आणि रेकॉर्ड सापडत नाही. दुसरी चूक म्हणजे रेकॉर्ड घालून झाल्यावर परत त्याच पानावर जाऊन ‘स्टार्ट ऑथेंटिकेशन’ दाबायचे राहून जाते. ते दाबल्याशिवाय तुमच्या डोमेनचे सील लागत नाही. पॅनल २०४८ बिटचा लांब मजकूर घेत नसेल तर १०२४ ची किल्ली घ्या. त्यापेक्षा पॅनल बदलणे चांगले.

चौथे, बिलिंग सॉफ्टवेअर. त्याला होस्टिंग सर्व्हरवरून मेल पाठवू देऊच नका. त्याच्या ईमेल सेटिंगमध्ये जीमेलचा एसएमटीपी, म्हणजे मेल पाठवणारा, सर्व्हर द्या, पोर्ट ५८७, टीएलएस (जोडणी सुरक्षित करणारी सोय) चालू. युजरनेम म्हणून पूर्ण ईमेल पत्ता, आणि पासवर्ड म्हणून गूगलचा १६ अक्षरी ॲप पासवर्ड. तो मिळवण्यासाठी त्या खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू असावे लागते. नेहमीचा पासवर्ड टाकलात तर ‘५३५ ५.७.८’ येते, तो परतीचा मेल नव्हे, ते लॉगिनच नाकारलेले असते. आणि ‘फ्रॉम’मध्ये तोच पत्ता ठेवा ज्याने लॉगिन केले आहे. एवढे केले की इन्व्हॉइसही कोटेशनच्याच वाटेने जाईल, यादी आणि सील दोन्ही जुळतील.

ही कामे होईपर्यंत डीमार्कच्या रेकॉर्डमधले ‘रिजेक्ट’ बदलून ‘नन’, म्हणजे अडवू नका, असे करा आणि त्यातच अहवाल कुठे यावेत तो पत्ता द्या. तीन-चार आठवडे अहवाल पाहा. आणखी कोणती यंत्रणा तुमच्या नावाने मेल पाठवते ते तेव्हाच कळते: पगारपत्रकाचे सॉफ्टवेअर, वेबसाइटचा फॉर्म, हजेरीचे मशीन. सगळ्या जुळल्या की ‘क्वारंटाइन’, म्हणजे बाजूला काढा, मग पुन्हा ‘रिजेक्ट’. ‘नन’वर कायमचे थांबू नका. तुमच्या नावाने खोटे बिल पाठवणाऱ्याला अडवते ते ‘रिजेक्ट’च.

तपासायला स्वतःच्या साध्या जीमेलवर एक इन्व्हॉइस पाठवा, मेलच्या तीन टिंबांत ‘शो ओरिजिनल’ उघडा. वर तक्त्यात एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्हींपुढे ‘पास’ हवे, आणि डीकिमपुढे डोमेन तुमचेच हवे, होस्टिंगचे नव्हे.

प्रश्न : आमच्या सीए ऑफिसातून एका साखर कारखान्याला गेलेल्या मेलवर ‘डिलिव्हरी डिलेड’ असा संदेश येतो, त्यात ‘४५१ ४.७.१ ग्रेलिस्टेड’ असते. आम्ही लगेच पुन्हा पाठवतो. कधी दोन्ही पोचतात, कधी एकही नाही.
— नवी पेठ, सोलापूर

उत्तर : पुन्हा पाठवू नका. पहिला आकडा ४ आहे, म्हणजे मेल परत आलेला नाही, रांगेत आहे. ग्रेलिस्टिंगमध्ये फिल्टर अनोळखी सर्व्हरला मुद्दाम ‘नंतर या’ सांगतो, कारण स्पॅम पाठवणारी बरीच यंत्रे दुसऱ्यांदा येत नाहीत. खरा मेलसर्व्हर काही मिनिटांनी परत प्रयत्न करतो आणि मग त्याला आत घेतले जाते. साधारणपणे सर्व्हर चार-पाच दिवस प्रयत्न करत राहतो. तेवढ्यात जमले नाही तरच खरा परतीचा मेल येतो.

फिल्टर सहसा सर्व्हर, पाठवणारा आणि घेणारा अशी त्रयी लक्षात ठेवतो. तुम्ही ऑफिसातल्या दुसऱ्या माणसाच्या खात्यातून पुन्हा पाठवलेत की त्रयी नवी झाली आणि वाट पाहणे पहिल्यापासून सुरू. एकही मेल पोचत नाही तेव्हा बहुधा तो अशा सॉफ्टवेअरमधून गेलेला असतो जे एकदाच प्रयत्न करते आणि सोडून देते. त्याला वरच्या उत्तराप्रमाणे नीट मेलसर्व्हरमधून पाठवा. टीडीएसची ७ तारीख किंवा जीएसटीच्या ३बी ची २० तारीख अंगावर असेल तर चलन-आकडे आदल्या दिवशी जाऊ द्या आणि पोचल्याचा फोन घ्या.

प्रश्न : आम्ही शाळांचे गणवेश शिवतो. एप्रिलमध्ये साडेतीनशे शाळांचे पत्ते ‘बीसीसी’त टाकून दरपत्रक पाठवले. निम्मे परत आले. आता तर नेहमीच्या गिऱ्हाइकालाही मेल जात नाही, ‘लाइकली अनसॉलिसिटेड’ असे काहीतरी येते. पत्ते एकाकडून विकत घेतले होते.
— पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : शेवटच्या वाक्यातच कारण आहे. विकत घेतलेल्या यादीत बंद पडलेले पत्ते भरपूर असतात. त्यांच्याकडून ‘५५० ५.१.१’ येते, म्हणजे असा पत्ताच नाही. थोड्या वेळात शेकड्यांनी नसलेल्या पत्त्यांवर धडकणारा मेल ही स्पॅमची ठळक खूण आहे, आणि फिल्टर ती तुमच्या डोमेनच्या नावावर लिहितो. म्हणून मागून ओळखीच्या गिऱ्हाइकाचा मेलही अडतो.

आज काय करायचे ते आधी. सामूहिक मेल पूर्ण थांबवा. परत आलेले सगळे मेल उघडून ५.१.१ वाले पत्ते यादीतून कायमचे काढा. ५.२.२ म्हणजे पेटी भरलेली, ते पत्ते बाजूला ठेवा. ५.७ वाल्या पत्त्यांना निदान काही आठवडे हात लावू नका. नेहमीच्या गिऱ्हाइकांना एकेकटा, साध्या मजकुराचा, जोडपत्र नसलेला मेल करा आणि फोन करून उत्तर द्यायला सांगा. मेल स्पॅममध्ये सापडला तर त्यांना ‘नॉट स्पॅम’ दाबायला लावा. आलेली उत्तरे आणि ते बटण यांनीच पत सुधारते, दुसरा झटपट उपाय नाही. दोन-चार आठवडे लागतात. त्या काळात नवे डोमेन घेऊन त्यावरून तोच उद्योग करू नका. कोऱ्या डोमेनकडे फिल्टर अधिकच संशयाने पाहतो.

खात्याची मर्यादाही समजून घ्या. फुकटच्या जीमेलवर दिवसाला ५०० आणि वर्कस्पेसवर २,००० मेल. ओलांडली तर पाठवणे बंद होते आणि साधारण २४ तासांत आपोआप सुरू होते. ते वेगळे आणि तुमचे ‘अनसॉलिसिटेड’ वेगळे. जीमेलच्या पत्त्यांना दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्ही सक्तीचे केले आहेत, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितले आहे. तुम्ही त्या आकड्याच्या आसपासही नाही, पण नियम चांगले आहेत, ते पाळाच.

पुढच्या हंगामासाठी यादी स्वतः करा. ज्या शाळेने कापडाचा नमुना पाहिला, दर विचारला, तिचाच पत्ता. जूनच्या आधीचे दोन महिने तुमचे पोट त्यावर आहे, तेव्हा फेब्रुवारीपासून रोज वीस-पंचवीस शाळांना, मुख्याध्यापकांच्या नावाने, वेगवेगळा मेल जाऊ द्या. दरपत्रकाची जड पीडीएफ पहिल्या मेलला जोडू नका, मागितल्यावर पाठवा.

प्रश्न : डाळिंब निर्यातीची कागदपत्रे आम्ही पॅकहाउसमधल्या स्कॅनर मशीनवरून थेट मेल करतो. युरोपातल्या खरेदीदाराकडून ती परत येतात. ‘स्पॅमहाउस’ आणि चौकटी कंसात आकडे असतात. तेच मेल मोबाइलवरून केले की जातात. आम्हाला काळ्या यादीत कोणी टाकले?
— सांगोला

उत्तर : चौकटी कंसातले आकडे म्हणजे तुमच्या ब्रॉडबँडचा आयपी पत्ता, इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक. स्पॅमहाउस ही अशा संशयास्पद पत्त्यांच्या याद्या ठेवणारी संस्था आहे. स्पॅमहाउसच्या संकेतस्थळावर तो तपासा. कोणत्या यादीत आहे त्यावर सगळे अवलंबून आहे.

पीबीएल असेल तर घाबरू नका. ती गुन्हेगारांची यादी नव्हे. घरगुती आणि ऑफिसच्या साध्या ब्रॉडबँडचे आयपी त्यात आधीपासूनच असतात, कारण अशा जोडणीवरून कोणी थेट मेलसर्व्हरसारखे वागू नये अशी अपेक्षा असते. तुमचा स्कॅनर नेमके तेच करतो, खरेदीदाराच्या सर्व्हरशी पोर्ट २५ वर थेट बोलतो. मोबाइलवरून मेल गूगलच्या सर्व्हरमार्फत जातो, म्हणून चालतो. यादीतून नाव काढण्याच्या मागे लागू नका. राउटर बंद-चालू झाला की आयपी बदलेल आणि पहिले पाढे पंचावन्न. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये एसएमटीपी सर्व्हर, पोर्ट ५८७, युजरनेम आणि ॲप पासवर्ड भरा. मशीन जुने असेल आणि टीएलएस १.२ येत नसेल तर ‘स्कॅन टू फोल्डर’ लावा, फाइल कॉम्प्युटरवर घ्या आणि तिथून मेल करा. कंटेनर निघाल्यावर फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट अडकून पडण्यापेक्षा हा एक जास्तीचा टप्पा परवडतो.

एक्सबीएल असेल तर मात्र गंभीर आहे. त्या जोडणीमागचे एखादे यंत्र व्हायरसच्या ताब्यात असून गुपचूप स्पॅम पाठवत असण्याची शक्यता आहे. ते कॉम्प्युटर असेल, सीसीटीव्हीचा डीव्हीआर असेल किंवा स्वस्त टीव्ही बॉक्स. राउटरमध्ये पोर्ट २५ बाहेर जाण्यासाठी बंद करा, एकेक यंत्र तपासा, साफ करा, आणि मगच नाव काढण्याची विनंती करा. साफ न करता काढलेले नाव पुन्हा लागते आणि दुसऱ्यांदा काढणे जड जाते. या यादीतून नाव काढायला स्पॅमहाउस पैसे घेत नाही. कोणी मागितले तर तो ठक आहे.

क्वचित वाक्यात ‘ओपन रिझॉल्व्हर’ असे शब्द दिसतात. तेव्हा तुमचा आयपी यादीत नसतोच. समोरच्यांनी सार्वजनिक डीएनएसमधून स्पॅमहाउसला विचारणा केलेली असते, स्पॅमहाउस तिला उत्तर देत नाही, आणि त्यांचा सर्व्हर त्या नकारालाच यादीतली नोंद समजतो. ही दुरुस्ती पूर्णपणे त्यांची. तो परतीचा मेल त्यांच्या आयटीवाल्यांना जसाच्या तसा पाठवा.

प्रश्न : चिंचोली एमआयडीसीतून सुट्या भागांचे ड्रॉइंग पाठवतो. ८ एमबीची फाइल ‘५५२ ५.३.४’ म्हणून परत आली. समोरचे म्हणतात, मर्यादा १० एमबी आहे.

उत्तर : दोघांचेही बरोबर. मेलमध्ये फाइल अक्षरांत बदलून जाते. तीन बाइटचे चार होतात, वर ओळींचे शेवट. त्यामुळे ८ एमबीचे जवळजवळ ११ होतात. १० च्या मर्यादेत ७ एमबीपर्यंतची फाइल धरा. झिपला पासवर्ड लावून पाठवू नका. फिल्टरला आत पाहता येत नाही आणि बऱ्याच कंपन्या अशी फाइल सरळ नाकारतात. मॅक्रो असलेली एक्सेल फाइलही तशीच अडते. फाइलचे आडनाव (एक्स्टेंशन) बदलून पाठवण्याचा जुना उपाय चालत नाही, कारण चांगला फिल्टर फाइलच्या आतल्या खुणा पाहतो. ड्राइव्हची लिंक द्या, परवानगी समोरच्याच पत्त्याला द्या, आणि लिंक छोटी करून देणारी सेवा वापरू नका. त्या छोट्या लिंकमुळेच चांगले मेल अडतात.

प्रश्न : ‘५५० ५.४.१ रिसिपियंट ॲड्रेस रिजेक्टेड : ॲक्सेस डिनाइड’. आम्हाला ब्लॉक केले आहे का?
— होटगी रोड, सोलापूर

उत्तर : बहुतेक नाही. मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेत हे वाक्य साधारणपणे ‘असा पत्ता आमच्या यादीत नाही’ या अर्थाने येते. शब्द असे आहेत की वाचणाऱ्याला हाकलून दिल्यासारखे वाटते. पत्ता अक्षर-अक्षर तपासा. व्हिजिटिंग कार्डावरून टाइप करताना टिंब आणि आडवी रेघ चुकते. तो माणूस नोकरी सोडून गेला असेल. त्याच कंपनीतल्या दुसऱ्याला मेल गेला, तर तुमच्या डोमेनला अडवलेले नाही हे नक्की.

प्रश्न : पंढरपुरात आमचे लॉज आहे. आषाढीच्या तोंडावर अचानक शेकडो परतीचे मेल आले, आम्ही कधीच न पाठवलेल्या मेलचे. काही परकीय भाषेतले होते.

उत्तर : दोन शक्यता आहेत. कोणीतरी ‘फ्रॉम’मध्ये तुमचा पत्ता लिहून दुसरीकडून मेल सोडले असतील, किंवा तुमचे खातेच फुटले असेल. फरक असा ओळखा: परतीच्या मेलला मूळ मेलचे हेडर, म्हणजे त्याच्या प्रवासाच्या नोंदी, जोडलेले असते. त्यात ‘रिसीव्ह्ड’ ओळींपैकी सर्वात खालची पाहा. तुमच्या मेलसेवेचा सर्व्हर तिथे नसेल तर पहिली शक्यता. तेव्हा पासवर्ड बदलून काही होणार नाही. डीमार्क ‘रिजेक्ट’पर्यंत नेणे हाच उपाय.

तुमचाच सर्व्हर दिसला तर तासाभरात हे करा. पासवर्ड बदला, सगळीकडून साइन-आउट करा, टू-स्टेप चालू करा, जुने ॲप पासवर्ड रद्द करा. मग तुमच्या खात्याच्या सेटिंगमधले फिल्टर आणि फॉरवर्डिंगचे नियम पाहा. चोर बहुधा असा नियम लावून ठेवतो की ‘बँक’, ‘पेमेंट’ असे शब्द असलेला मेल परस्पर दुसरीकडे जावा किंवा न वाचता कचऱ्यात जावा. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो, आणि लोक नेमका तोच विसरतात. कोणाचे आगाऊ बुकिंगचे पैसे भलत्या खात्यात गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा. त्यात तासांना किंमत आहे.

परतीच्या मेलच्या वेषातला खोटा मेलही येतो. ‘तुमचे सहा मेल अडकले आहेत, सोडवण्यासाठी इथे दाबा’ असे बटण त्यात असते. खऱ्या परतीच्या मेलला पासवर्ड लागत नाही. तो कोरडा असतो, त्यात कोड असतो आणि तुमच्या मूळ मेलचा विषय असतो.

प्रश्न : क्लासच्या वेबसाइटवर पालकांचा चौकशी फॉर्म आहे. याहूचा पत्ता भरणाऱ्यांच्या चौकशा आमच्यापर्यंत येतच नाहीत.
— जुळे सोलापूर

उत्तर : फॉर्म ‘फ्रॉम’मध्ये पालकांचा पत्ता घालतो आहे. याहूने २०१४ पासून आपल्या डोमेनवर डीमार्क ‘रिजेक्ट’ ठेवले आहे, त्यामुळे याहूच्या नावाने तुमच्या होस्टिंगवरून निघालेला मेल खोटाच ठरतो. ‘फ्रॉम’मध्ये तुमच्या डोमेनचा पत्ता आणि ‘रिप्लाय-टू’मध्ये पालकांचा, एवढा बदल वेबसाइटवाल्याकडून करून घ्या.

प्रश्न : आमच्या बाजूचे सगळे ‘पास’ आहे, तरी एकाच कंपनीकडून मेल परत येतो. त्यांच्या आयटी विभागाला काय लिहावे? आणि लिहायचे कुठे, मेल तर जातच नाही!
— कापड व्यापारी, चाटी गल्ली, सोलापूर

उत्तर : आधी एक प्रयोग करा. तोच मेल सहीशिवाय, लिंकशिवाय, जोडपत्राशिवाय, दोन ओळींचा पाठवा. गेला, तर अडचण मजकुरात आहे. मग एकेक गोष्ट परत जोडत जा. पुष्कळदा सहीतल्या वेबसाइटच्या लिंकवर मेल अडतो, कारण ती वेबसाइट हॅक होऊन तिच्यात भलतीच पाने शिरलेली असतात आणि डोमेन स्पॅमहाउसच्या डीबीएलसारख्या यादीत गेलेले असते. तसे असेल तर समोरच्यांना लिहून उपयोग नाही, वेबसाइट साफ करावी लागेल.

दोन ओळींचा मेलही परत आला तर ज्यांच्याशी व्यवहार आहे त्या खरेदी अधिकाऱ्यांना फोन करा आणि खालचा मजकूर व्हॉट्सॲपवर द्या. फिल्टर बदलण्याचा अधिकार त्यांच्या आयटीकडे असतो, पण आयटी ऐकते ते आपल्या माणसाचे. बऱ्याच फिल्टरांत ‘पोस्टमास्टर’ हा पत्ता उघडा ठेवलेला असतो, तिथेही पाठवून पाहा.

‘महोदय, आमच्या डोमेनवरून आपल्या खरेदी विभागाला पाठवलेला मेल आपल्या फिल्टरने नाकारला आहे. तारीख आणि वेळ (भारतीय प्रमाणवेळ) : … पाठवणारा : … घेणारा : … पाठवणाऱ्या सर्व्हरचा आयपी : … मेसेज-आयडी : … मिळालेले उत्तर, शब्दशः : … आमचे एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क तिन्ही पास आहेत. कोणत्या नियमामुळे मेल अडला ते आपल्या लॉगमध्ये पाहून कळवावे, आणि योग्य वाटल्यास आमच्या डोमेनला डीकिम पास असण्याच्या अटीवर परवानगी द्यावी.’

वेळ आणि मेसेज-आयडी, म्हणजे त्या मेलचा स्वतःचा ओळखक्रमांक, गाळू नका. त्यांच्याशिवाय रोजच्या हजारो मेलांच्या लॉगमध्ये तुमचा मेल शोधणे त्या माणसाला फार अवघड जाते. उत्तर शब्दशः द्या, फोटो नको, मजकूर चिकटवा. आणि ‘आमचा आयपी व्हाइटलिस्ट करा’ असे लिहू नका. गूगल किंवा मायक्रोसॉफ्टचा आयपी तुमच्यासारखे हजारो लोक वापरतात, त्याला मोकळीक द्यायला कोणताही जबाबदार आयटीवाला तयार होणार नाही. डीकिमची अट घातलेली परवानगी मागितली की ती देणे त्याला सोपे जाते.